अर्ध्या गोळ्या

धाकटीला अठ्ठावन्नावं वर्ष लागलं होतं, तरी अख्खी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. ह्याला कारण ताई. ताई आठ वर्षांनी मोठी, आवाजानं मोठी, आणि दोघींच्या शिवणकामाच्या दुकानात शब्दानंही मोठी. मापं ताई घ्यायची, कापड ताई बेतायची, गिऱ्हाइकाशी भांडायची वेळ आली तर तेही ताईच भांडायची. धाकटीच्या वाट्याला काजं, बटणं, टिपा उसवणं आणि काळजी. ह्यातलं शेवटचं काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिनं ते आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

ताईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि सगळं उलटंपालटं झालं. पोटावर चार बारीक छेद, दुर्बिणीतून काम, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुटलेलं बटण लावून द्यावं इतकं सोपं वाटलं होतं. पण ताई खाटेवर आडवी झाली आणि दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत पहिल्यांदाच धाकटीचं राज्य आलं. औषधांची पिशवी तिच्या हातात, वेळांचा कागद तिच्या हातात, भिंतीवरच्या घड्याळाखालची खुर्चीही तिचीच.

कागद सिस्टरनी मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल. दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर, दुसरी गोळी, दुखण्यावरची आणि सुजेवरची. सकाळी एक पोट सांभाळणारी. आणि वेगळ्या पाकिटात चार कडक गोळ्या, अगदीच सोसवेना तर आणि तेही आधी फोन करून.

"काकू, पहिले चार दिवस वेळ चुकवायची नाही, दुखो न दुखो," सिस्टरनी बजावलं होतं. "दुखणं वर चढून बसलं की ते उतरवायला फार वेळ लागतो. दोन्ही गोळ्या मिळून काम करतात, म्हणून दोन्ही द्यायच्या. आणि लिहिलंय त्याहून जास्त मात्र एकही नाही."

ह्या सगळ्यातलं धाकटीनं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. माणूस ऐकतो तेच, ज्याची त्याला आधीपासून धास्ती असते.

तिच्या धास्तीला कारण होतं. त्यांचे बाबाही शिंपी. मशीनवर वाकून वाकून कंबरेचा पार खुळखुळा झालेला. मशीनच्या खणात रिळांशेजारी दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट कायम असायचं. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी किती ते त्यांचं त्यांनाही माहीत नसायचं. पोटात अन्न असो नसो, डॉक्टरला विचारलेलं असो नसो. अशी अकरा वर्षं गेली. मग एका दुपारी त्यांनी अर्धवट शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची उलटी केली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोटाला भोक पडलं होतं म्हणाले. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती पाकिटं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून द्यायचं काम तिचं होतं. हे तिनं पुढे कधीच कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, ताईजवळही नाही.

त्यामुळे ताईला घरी आणलं त्याच दुपारी तिनं सुई ओवायचं भिंग काढलं आणि गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद वाचायला घेतला. पोटातून रक्तस्राव. मूत्रपिंडावर परिणाम. यकृतावर परिणाम. श्वास लागणे. अंगावर पुरळ. तो कागद म्हणजे जगात जे जे वाईट घडू शकतं त्याची यादीच की! वाचता वाचता धाकटीची पाचावर धारण बसली. कागदाच्या मागच्या बाजूला 'क्वचित' आणि 'दीर्घकाळ घेतल्यास' असे शब्द होते, पण तिथवर पोचायच्या आधीच तिनं भिंग खाली ठेवलं होतं.

द्याव्या तरी पंचाईत, न द्याव्या तरी पंचाईत. शेवटी तिला तिच्या धंद्यानं वाट दाखवली. त्यांच्या दुकानात एक नियम होता, ताईनंच तिला कात्री हातात देताना शिकवलेला. कमी काप. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं, जास्त कापलं गेलं तर जोडता येत नाही. चाळीस वर्षांत ह्या नियमानं त्यांना कधी दगा दिला नव्हता. तर मग गोळीला का लावू नये? धाकटीनं टिपा उसवायचं पातं उकळत्या पाण्यात धुतलं आणि पहिली गोळी पाटावर ठेवून मधोमध कापली.

ताईच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. भूल देताना घशात नळी घातली होती, तिनं घसा सोललेला. म्हणून गोळ्या कुटून, चमचाभर मधात कालवून द्यायच्या. चमच्यातली पूड अर्ध्या गोळीची की अख्खीची, हे कुणाला कळणार? उरलेले अर्धे तुकडे धाकटीनं बटणांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले, कारण ह्या घरात कापलेलं काही टाकायची रीत नव्हती. चार कडक गोळ्यांचं पाकीट तिनं कपाटात टॉवेलांच्या खाली सरकवलं आणि ते आपल्याकडे नाहीच असं ठरवून टाकलं. साप मरावा आणि काठीही तुटू नये, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पहिला दिवस बरा गेला. दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनांचा जोर अंगात होता. ताईनं उशीला टेकून दुकानाची चौकशी केली, एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीवरून धाकटीला चार शब्द सुनावले, आणि शेजारणीनं आणलेलं सूप अळणी आहे म्हणून तोंड वाकडं केलं. सगळं कसं जिथल्या तिथे होतं.

दुसऱ्या दिवशी ताईनं सूप अळणी म्हटलं नाही. तिनं ते घेतलंच नाही.

धाकटीला हे खटकलं. दुपारी ताई एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डोळे उघडे, नजर भिंतीवर. श्वास वरच्यावर, जेमतेम गळ्यापर्यंत जाऊन परत येणारा. सिस्टरनी सांगितलं होतं, तासातासाला दहा मोठे श्वास घ्यायचे, पोटावर उशी दाबून खोकायचं, खोलीतल्या खोलीत चालायचं.

"ताई, चल ना जरा. दाराशी जाऊन येऊ."

"नको."

"मग मोठा श्वास तरी घे. दहा म्हणाल्यात."

"घेतला."

"कुठे घेतलास? मी बघतेय."

"बघू नकोस मग."

"फार दुखतंय का?"

ताईनं डोळे मिटले. "ऑपरेशन झालंय, गुदगुल्या होणार आहेत का? दुखायचंच."

धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. आत्ता अख्खी द्यावी का? तिचा हात पाकिटाकडे गेला, आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरा सदरा आला. अति तिथे माती, ती स्वतःशी पुटपुटली आणि पातं घेतलं. भीती ही फार हुशार बाई असते. ती स्वतःला नेहमी सावधपणा म्हणवून घेते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचं कपाळ कोमट लागलं. थर्मामीटर लावला तर शंभराच्या थोडं वर. ताई आता बोलतही नव्हती, विचारलं की मान हलवायची, आणि तीही जपून. धाकटी खिडकीपाशी जायची, परत यायची, पांघरूण नीट करायची, जे आधीच नीट होतं. एवढ्यात दवाखान्यातून सिस्टरांचा ठरलेला फोन आला.

"कशा आहेत पेशंट?"

"जरा दुखतंय म्हणते. म्हणजे म्हणत नाही, पण दुखतंय. आणि अंग कोमट आहे."

"चालतात का? खोकतात?"

"नाही हो. हलायलाच तयार नाही."

"काकू, गोळ्या सगळ्या वेळेवर चालल्यात ना? दोन्ही?"

खाटेवरून ताई तिच्याकडे बघत होती. आत्ता खरं सांगायचं तर तिच्यासमोर सांगावं लागणार होतं. धाकटी म्हणाली, "हो, सगळ्या. कागदावर लिहिल्याप्रमाणे."

"एकही चुकवली नाही?"

"नाही."

"मग लगेच घेऊन या," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला घरगुतीपणा गेला. "पूर्ण औषध असून तिसऱ्या दिवशी इतकं दुखणं बरोबर नाही. आत काही गळत असू शकतं. त्यांना आता खायला काही देऊ नका. कदाचित पुन्हा भूल द्यावी लागेल."

फोन ठेवून धाकटी जिन्यावरून खाली धावली. समोरच्या लॉन्ड्रीवाल्यानं आपली गाडी काढली, कपड्यांची गाठोडी मागे ढकलून ताईला पुढे बसवलं. प्रत्येक खड्ड्याला ताई ओठ दातांखाली धरायची. तोंडातून मात्र ब्र नाही. मागच्या गाठोड्यांत बसलेली धाकटी औषधांची पिशवी छातीशी धरून होती, आणि पिशवीत ती बटणांची डबी खुळखुळत होती. आत काही गळत असेल तर? आणि नसेल तर? दुसरा प्रश्न पहिल्याहून वाईट होता, म्हणून तिनं तो मनात पुरता येऊच दिला नाही.

दवाखान्यात रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. फॉर्म भरणाऱ्या दुसऱ्या सिस्टरनी पुन्हा तेच विचारलं, गोळ्या वेळेवर? आणि धाकटीनं पुन्हा मान हलवली. एकदा बोललेलं खोटं असंच असतं, त्याला जेवायला वाढत राहावं लागतं.

मग सर्जन आले. तरुणच होते, पण डोळ्यांखाली झोपेची बाकी साठलेली. त्यांनी पडदा ओढून ताईचं पोट हलक्या हातानं दाबलं. ताईचं सगळं अंग आकसलं.

"सोनोग्राफीत थोडं पाणी दिसतंय," ते धाकटीला म्हणाले. "ते ऑपरेशननंतर असू शकतं, त्यावरून काही ठरत नाही. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. पण मला चिंता वाटतेय ती दुखण्याची. दोन-दोन गोळ्यांचा पूर्ण डोस चालू असताना इतकं दुखायला नको. पित्त आत पाझरत असेल तर थांबून चालणार नाही. मी ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगतो. पुन्हा दुर्बीण घालून बघायची तयारी ठेवू. तुम्ही इथे सही करा."

त्यांनी कागद पुढे केला, पेनही दिलं. धाकटीनं पेन धरलं. जिथे सही करायची तिथे बारीक फुली मारलेली होती, शिवणीच्या खुणेसारखी. जन्मभर तिनं अशा खुणेवर मुकाट्यानं टीप मारली होती. ह्या खुणेवर मारली की ताईचं पोट पुन्हा उघडणार, आणि कदाचित काहीच कारण नसताना.

"डॉक्टर," ती म्हणाली. तिनं पेन बाजूला ठेवलं. "डॉक्टर, मी अर्ध्या दिल्या."

"काय अर्ध्या?"

धाकटीनं पिशवीतली डबी काढली आणि ताईच्या पायाशी पांढऱ्या चादरीवर उपडी केली. अर्ध्या चंद्रकोरी, काही पांढऱ्या, काही गुलाबी. सर्जननी त्या बोटानं सारत मोजल्या. चौदा होत्या.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. दोन्ही. आणि त्या चार कडक होत्या त्या दिल्याच नाहीत. सिस्टरना मी खोटं सांगितलं. दोनदा." आता तिला थांबता येईना. "आमचे बाबा ह्याच गोळ्यांनी गेले. मीच आणून द्यायचे. मला वाटलं, कमी दिल्या तर निदान जीवाला तरी धोका नाही."

ताईनं डोळे मिटून घेतले होते. सर्जननी सहीचा कागद धाकटीच्या हातातून काढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

"तुमचे बाबा किती दिवस घेत होते?"

"अकरा वर्षं. वाटेल तेव्हा. उपाशीपोटी."

"अकरा वर्षं न विचारता आणि चार दिवस मोजून, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो, काकू!" त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो प्रयत्नानं खाली आणला. "ह्यांचं मूत्रपिंड, पोटाचा इतिहास, सगळं बघून मी त्या लिहिल्या होत्या. पोटाला त्रास होऊ नये म्हणून सकाळची वेगळी गोळी दिली होती. तुम्हाला वाटलं कमी म्हणजे सुरक्षित. तीन दिवस तुमच्या ताई दुखण्याच्या भीतीनं श्वास अर्धा घेतायत. फुप्फुसं नीट उघडत नाहीत, म्हणून बहुतेक ताप. आणखी दोन दिवस असे गेले असते तर न्यूमोनियाच झाला असता. दुखणं सोसण्यालाही किंमत असते. आणि मला खोटी माहिती दिलीत तर मी इलाज कशाचा करू?"

धाकटीला वाटत होतं, त्यांनी अजून बोलावं, जोरात बोलावं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"आता दोन्ही गोळ्या द्या, अख्ख्या, दोन घोट पाण्याबरोबर," त्यांनी सिस्टरना सांगितलं. "रिपोर्ट येऊ दे. दीड तासानं मी पुन्हा पोट बघतो. खोली तयारच ठेवा. उतार पडला नाही, तर सही लागेलच."

तो दीड तास धाकटीनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. तिचा जीव टांगणीला लागला होता. पहिली पंधरा मिनिटं ताई तशीच गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. धाकटी स्टुलावर बसून तिच्या छातीकडे बघत होती. श्वास वरच्यावर. अर्धा तास झाला. तसाच. आत खरंच गळत असेल, ती मनाशी म्हणाली, आणि आपण आपल्या रडगाण्यानं डॉक्टरचा दीड तास खाल्ला. आधी कमी देऊन घात केला, आता खरं बोलून करतोय. आगीतून फुफाट्यात. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी तिला पाणी विचारलं, तर तिला ऐकूच आलं नाही.

पाऊण तासानं ताईचा एक गुडघा थोडा खाली गेला. धाकटी स्टुलावरून उठायच्या बेतात होती, पण उठली नाही, जणू उठल्यानं काही मोडलं असतं. मग दुसरा गुडघा सरळ झाला. ताई पाठीवर वळली, हळूच, स्वतःहून. तिनं नाकानं श्वास घेतला आणि तो गळ्यापाशी अडला नाही, खाली खाली गेला. तिच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. तिनं पुन्हा घेतला.

"उशी दे," ती म्हणाली.

धाकटीनं उशी दिली. ताईनं ती पोटावर दाबून धरली आणि खोकली. एकदा, दोनदा. तोंड वाकडं झालं, पण ती खोकली.

सर्जन आले, त्यांनी पोट दाबलं. ह्या वेळी ते मऊ लागलं, ताईनं नुसत्या भुवया वर केल्या. रक्ताचा रिपोर्टही ठीक होता. खोलीची तयारी मोडायला त्यांनी सांगितलं, उद्यापर्यंत इथेच ठेवू म्हणाले, आणि जाताना धाकटीकडे न बघता म्हणाले, "बोललात ते बरं केलंत."

मग दोघीच उरल्या. धाकटी वाट बघत होती. आता ताई सुरू होईल. अक्कल काढेल, सात पिढ्यांचा उद्धार करेल, आणि मग सगळं पूर्ववत होईल. ती मनातून त्या शिव्यांसाठी आसुसली होती.

ताई छताकडे बघत होती. "मला वाटलं, मी चालले," ती म्हणाली.

"ताई..."

"पूर्ण औषध देतेयस, तरी काडीचा उतार नाही. म्हटलं, आत काहीतरी भलतंच निघालंय आणि डॉक्टर सांगत नाहीयेत. तुला कळलं असतं तर तू हातपाय गाळले असतेस, म्हणून गप्प राहिले." ती थांबली, एक मोठा श्वास घेतला. "काल तू खाली गेलीस तेव्हा लॉन्ड्रीवाल्याला फोन केला. म्हटलं, माझ्यानंतर हिच्याकडे लक्ष ठेव. कापड बेतायला हिला जमायचं नाही, तेवढी एखादी बाई बघून दे."

धाकटीनं तोंडावर पदर धरला. तिला रडायचा हक्कही आपल्याला आहे असं वाटेना, तरी रडू आलंच. दोन दिवस ताई भिंतीकडे बघत काय करत होती ते आता तिला कळलं. ती मरायची तयारी करत होती, तिच्या देखत, तिच्या हातचा मध चाटून.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "ताई, फार चुकलं."

"हं," ताई म्हणाली. बाकी काही नाही.

संध्याकाळी सहाला पुढची गोळी होती. सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाइन लावण्यात अडकल्या होत्या. त्यांनी तिथूनच पाकीट पुढे केलं. "काकू, एवढी तुम्ही द्या हो, मी बघतेय." धाकटीनं पाकिटातून गोळी काढली, ताईच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला भरला.

ताईनं गोळी तोंडात टाकली नाही. तिनं ती बोटानं उलटी केली. मग चिमटीत धरून दिव्याकडे नेली आणि फिरवून कडा बघितली, एकदा इकडून, एकदा तिकडून. चाळीस वर्षांत धाकटीच्या हातचं एक काजसुद्धा तिनं असं तपासलं नव्हतं. ताईचं बघून होईपर्यंत धाकटी पेला धरून तशीच उभी राहिली.